विदर्भालाही समुद्र नाही, मग इथिओपियाचं कौतुक कशाला? – एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

इथिओपियासारख्या भूवेष्टित, म्हणजे समुद्रकिनारा नसलेल्या, देशांतल्या तिळाच्या पुरवठ्यावर मी लिहिलेल्या लेखाखाली तुम्ही खरमरीत प्रतिक्रिया दिलीत. इतर वाचकांसाठी ती थोडक्यात मांडतो. तुमचं म्हणणं असं, की समुद्र नाही ही नुसती सबब आहे. विदर्भालाही समुद्र नाही, तरी अकोल्याचा माल मुंबईला पोचतोच; वाहतुकीच्या भाड्याने तीळ बुडत नाही. सुदानला बंदर असूनही तिथली निर्यात घसरली. खरं दुखणं कमी उत्पादकतेचं आहे आणि ते झाकायला मी भूगोल पुढे करतो. शेवटी तुम्ही विचारलंय, 'हे सगळं वाचून मी उन्हाळी तीळ पेरू की नको?'

विदर्भाचं उदाहरण तुम्ही माझ्याविरुद्ध दिलंत, पण ते माझ्याच बाजूने साक्ष देतं. अकोल्याहून न्हावा-शेव्याला निघालेल्या ट्रकच्या वाटेत परका देश लागत नाही आणि चलन बदलत नाही. नाशिककर आणि मुंबईकरांचं बिनसलं म्हणून कसारा घाट वीस वर्षं बंद पडला, असंही कधी झालं नाही. इथिओपियाच्या वायव्य कोपऱ्यातल्या हुमेराचं नेमकं तेच झालं. तिथला पांढरा, टपोरा तीळ जगभरच्या व्यापाऱ्यांत 'हुमेरा' याच नावाने विकला जातो. गावाशेजारची तेकेझे नदी ओलांडली की एरिट्रिया, आणि तिथलं मसावा बंदर हुमेराला शेजारच्या जिबूती देशातल्या बंदरापेक्षा कितीतरी जवळ. १९९३ मध्ये एरिट्रिया स्वतंत्र झाला, १९९८ मध्ये दोघांत युद्ध पेटलं आणि सीमा बंद झाली. जानेवारी २०१९ मध्ये दोन्ही देशांच्या प्रमुखांनी हुमेरा–ओम हाजेरचा रस्ता समारंभाने खुला केला. काही महिन्यांत तो पुन्हा बंद! त्यामुळे हुमेराचा तीळ आजही डोंगर चढत-उतरत हजार किलोमीटरहून जास्त फिरून जिबूती गाठतो.

नुसत्या अंतराचंच म्हणाल तर ब्राझीलकडे बघा. तिथल्या मातो ग्रोसो राज्यात कानाराना भागात सोयाबीन निघालं की त्याच रानात तीळ घेतात. समुद्र तिथूनही हजार किलोमीटरच्या पलीकडे आहे, तरी गेल्या काही वर्षांत तिथला तीळ झपाट्याने वाढला. सगळी वाट एकाच देशातून जाते ना!

मालवाहतुकीच्या खर्चावर मात्र तुमचं बरोबर आहे, आणि मूळ लेखातही मी भाड्यावर फारसा भर दिला नव्हता. तीळ क्विंटलमागे मक्याच्या कितीतरी पट महाग. मक्याला जे भाडं बुडवतं ते तिळाला सोसतं. म्हणूनच तर चाड, बुर्किना फासो, युगांडा, दक्षिण सुदान असे बिनसमुद्राचे देश तिळाकडे वळतात. फटका बसतो तो माल कधी पोचेल याचा भरवसा नसण्याचा. गोदामात आणि सीमेवर अडकलेल्या मालात व्यापाऱ्याचं भांडवल अडकतं, आणि त्याची वसुली तो शेतकऱ्याच्या भावातून करतो.

आता डॉलर. ही बाजू तुम्ही प्रतिक्रियेत सोडूनच दिलीत, आणि मला तीच सगळ्यांत महत्त्वाची वाटते. इथिओपियात बरीच वर्षं बँकेत डॉलर मिळायची मारामार होती. निर्यातदाराला मात्र स्वतःच्या कमाईतला काही हिस्सा वापरता यायचा. मग झालं काय, की आयातीचा धंदा असलेले लोक तिळात उतरले. देशात चढ्या भावाने तीळ घ्यायचा, बाहेर तोट्यात विकायचा, हातात आलेल्या डॉलरमधून बांधकामाचं सामान किंवा गाड्या आणायच्या आणि तिथे तो तोटा भरून वर नफा काढायचा. तीळ त्यांच्यासाठी डॉलर मिळवायचं साधन होता. अशा बाजारात जे प्रामाणिकपणे फक्त तिळावर पोट भरतात त्यांचा टिकाव लागणं कठीण, आणि निर्यातीचे आकडे वाचताना आपली हमखास फसगत. २९ जुलै २०२४ रोजी सरकारने बिरचा, म्हणजे तिथल्या चलनाचा, दर बाजारावर सोडला. डॉलरला ५७ च्या आसपास असलेला बिर काही आठवड्यांत घसरून शंभरीपार गेला. तोट्यातल्या निर्यातीमागचं गणितच त्यामुळे बदललं.

बुर्किना फासोत हा खेळ नाही, कारण तिथला सीएफए फ्रँक युरोला बांधलेला आहे. शिवाय त्यांना आबिजान, तेमा, लोमे, कोटोनू अशी चार बंदरं निवडायला मिळतात. २००२ मध्ये आयव्हरी कोस्टमध्ये यादवी पेटली तेव्हा त्यांचा व्यापार इतर बंदरांकडे वळला. तिळाला कापसासारखी उधारीवरची खतं-औषधं लागत नाहीत आणि व्यापारी रोख मोजतो, म्हणून तिथला शेतकरी तिळाकडे आला. समुद्र दोघांनाही नाही, पण दोघांचं दुखणं एक नाही.

उत्पादकतेचं म्हणाल तर जरा जपून. इथिओपियाची सरासरी हेक्टरी सहा-सात क्विंटलच्या आसपास, आपली चार-पाच! चीनपुढे दोघेही मागे, पण म्हणून आपण त्यांना शिकवावं अशी आपली परिस्थिती नाही. हुमेराला नडते ती मजुरी. बोंडं वाळून तडकली की दाणा मातीत, म्हणून ऐन वेळी हजारो हात लागतात. हे तुम्हाला मी सांगायला नको. तिथे खुरपणी-कापणीला दरवर्षी दुसऱ्या भागांतून लाखांनी मजूर येत. ४ नोव्हेंबर २०२० रोजी इथिओपियाच्या उत्तरेकडच्या टिग्रे प्रांतात युद्ध सुरू झालं, तेही सुगीच्या तोंडावर. पाचच दिवसांनी हुमेराजवळच्या माय-काद्रात हत्याकांड झालं, त्यात मारले गेलेल्यांत असे हंगामी मजूर पुष्कळ होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये प्रिटोरियात शांतता करार झाला, पण या पट्ट्यावर हक्क टिग्रेचा की शेजारच्या अम्हारा प्रांताचा, हा वाद मिटलेला नाही. पुढच्या सुगीला कोण मजूर बिनघोर येईल?

पॅराग्वेत मात्र तुमचा मुद्दा लागू पडतो. तोही भूवेष्टित, पण नदीमार्गे माल बाहेर काढायची सोय आहे. सान पेद्रोच्या छोट्या शेतकऱ्यांनी जपानसाठी उत्तम तीळ पिकवला. नंतर जमीन थकली, रोग आले, भाव पडले आणि क्षेत्र आटलं. समुद्राचा तिथे फारसा दोष नाही.

सुदानला बंदर आहे, खरंच. एप्रिल २०२३ पासून तिथे युद्धही आहे. त्यात एक गोष्ट ध्यानात घ्या: इथिओपियाच्या पश्चिमेकडचा बराच तीळ सीमा ओलांडून चोरवाटेने सुदानात जायचा आणि तिथलाच म्हणून विकला जायचा. म्हणजे सुदानच्या जुन्या आकड्यांत शेजाऱ्याचा तीळ किती, हे कोणी मोजलेलं नाही, आणि सुदान कोसळला की शेजाऱ्याचं मागचं दारही बंद होतं.

आता तुमचा उन्हाळी तीळ. संक्रांतीआधी आपल्याकडे भाव चढतात म्हणून पेरणार असाल, तर लक्षात घ्या की तुमचा माल उन्हाळ्याच्या शेवटी येईल आणि संक्रांतीपर्यंत तो तुम्हालाच सांभाळावा लागेल. तोवर आफ्रिकेचा नवा माल बाजारात आलेला असतो. अलीकडे चीन वर्षाला साधारण दहा लाख टन तीळ आयात करतो, त्यामुळे भाव ठरतो तो तिथे. डिसेंबर २०२४ पासून चीनने राजनैतिक संबंध असलेल्या सगळ्या अल्पविकसित देशांच्या मालावरचं आयातशुल्क काढून टाकलंय, आणि त्याच्या आदल्याच महिन्यात ब्राझीलच्या तिळालाही दार उघडलंय. ब्राझील कापणी यंत्राने करतो. मला हुमेरापेक्षा त्याचीच जास्त धास्ती वाटते. पाणी खात्रीचं असेल आणि कापणीला घरची माणसं असतील तर थोड्या रानात पेरा. सगळ्या रानात पेरा असं मी तरी सांगणार नाही.