टक्केटोणपे

बातम्या ऐकायला लोक लोडाला टेकून बसतात. मी कागद, पेन्सिल आणि खोडरबर घेऊन बसतो. त्यातलं खोडरबर सगळ्यात आधी संपतं. पडद्यावर चार चौकटी, चारही तोंडं एकदम चालू, आणि प्रत्येक तोंडातून टक्के. बहुतेक वेळा त्यातलं कोणीच खोटं बोलत नसतं, हीच खरी पंचाईत. खोटं बोलणाऱ्याला पकडता तरी येतं. खऱ्या आकड्याला सोयीचा सदरा घालून आणणाऱ्याचं काय करायचं?

महागाईचंच घ्या. सत्ताधारी म्हणतात, महागाई निम्म्यावर आणली. विरोधक म्हणतात, जगणं महाग झालं. मी कागदावर 100 लिहितो. पहिल्या वर्षी दर 10 टक्के, झाले 110. दुसऱ्या वर्षी 5 टक्के, पण ते 110 वर, म्हणजे 115.50. दर निम्मा झाला, किंमत वरच गेली. दोघंही बरोबर! महागाईचा दर म्हणजे जिना चढण्याचा वेग. वेग मंदावला म्हणजे माणूस खाली आला असं होत नाही. किंमती खरोखर उतरायच्या तर दर शून्याच्या खाली जायला हवा, आणि तो तसा गेला की अर्थतज्ज्ञ कपाळावरचा घाम पुसत मंदीची भीती घालतात. शिवाय हा दर काढतात सरासरी घराच्या खर्चाची टोपली धरून. घरभाड्याचं ओझं उचलणारा आणि स्वतःच्या घरात राहणारा यांना एकच टोपली. ज्याचा निम्मा खर्च भाड्यावर जातो, त्याची महागाई वेगळीच असते. ती बातम्यांत कोणी सांगत नाही.

मग येतो कर. तो 4 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर गेला. मंत्री म्हणतात, 'अवघी एका टक्क्याची वाढ.' समोरचे ओरडतात, 'तब्बल 25 टक्क्यांची लूट!' पहिले टक्केबिंदू, म्हणजे दोन टक्क्यांची नुसती वजाबाकी, मोजतात, दुसरे चाराच्या मानाने एक मोजतात. 'टक्केबिंदू' हा एक शब्द वापरला तर अर्धी भांडणं मिटतील, म्हणूनच बहुधा तो कोणी वापरत नाही.

यापेक्षा चलाख खेळ पायाचा, म्हणजे टक्के ज्याच्यावर काढायचे त्या मूळ आकड्याचा. 100 चे 50 झाले, घट 50 टक्के. पुढच्या वर्षी 50 चे 80 झाले, वाढ 60 टक्के. पडलो 50, उठलो 60, म्हणजे 10 टक्के फायद्यात असायला हवं. कागदावर बघतो तर 80. वाढीचा जल्लोष ऐकू आला की आदल्या वर्षी किती आपटलो होतो ते आधी बघावं. तिमाहीच्या वाढीतही हीच मेख असते. काही देश या तिमाहीची तुलना गेल्या वर्षीच्या याच तिमाहीशी करतात. अमेरिका आदल्या तिमाहीशी करते आणि वर्षभर हाच वेग राहील असं धरून आकडा सांगते, त्यामुळे 0.5 टक्क्याचे साधारण 2 टक्के होतात. हे दोन आकडे शेजारीशेजारी ठेवून 'आपण पुढे' म्हणणारा विद्वान दर तिमाहीला एक तरी सापडतो.

दरडोई उत्पन्न तर फारच मनमिळाऊ. दहा माणसं घ्या. नऊ जणांचे 10-10, दहाव्याचे 910. सरासरी 100. दहाव्याचे 1910 झाले की सरासरी 200. सगळ्यांचं उत्पन्न दुप्पट झालं म्हणून नऊ जणांनी खिसे चाचपावेत, तिथे तेच 10. रांगेत मधोमध उभ्या असलेल्या माणसाचं उत्पन्न, म्हणजे मध्यक, विचारलं तर हा चमत्कार जागीच विरतो. राष्ट्रीय उत्पन्नाचा हिशेब मांडणाऱ्या सायमन कुझनेट्सनेच 1934 साली अमेरिकी काँग्रेसला बजावलं होतं की या मापावरून राष्ट्राचं कल्याण ताडणं अवघड आहे. माप उचललं, ताकीद तिथेच राहिली.

निवडणुका जवळ आल्या की कौलांचा पाऊस. 'अमुक पक्ष 42, तमुक 40, दोन टक्क्यांची आघाडी!' नमुना, म्हणजे ज्यांना विचारलं ती माणसं, एक हजाराचा असेल तर प्रत्येक आकड्यात वर-खाली 3 टक्केबिंदूंची चूक गृहीत धरतात, आणि दोघांमधल्या फरकात साडेपाचच्या आसपास. म्हणजे ही आघाडी पिछाडीही असू शकते. बरं, नमुना मोठा केला की भागतं, असंही नाही. 1936 साली अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी 'लिटररी डायजेस्ट' या अमेरिकी साप्ताहिकाने सुमारे एक कोटी कौलपत्रिका पाठवल्या, वीस लाखांहून जास्त परत आल्या, आणि रूझवेल्टना हरवून लँडन जिंकणार असं छापलं. रूझवेल्ट 48 पैकी 46 राज्यांत जिंकले. पत्ते मुख्यतः मोटार आणि टेलिफोन असलेल्यांच्या याद्यांतून घेतले होते, आणि त्यातही ज्यांना हौस होती त्यांनीच उत्तर दिलं. दोन वर्षांत साप्ताहिक बंद पडलं; ती पद्धत मात्र अजून धडधाकट आहे.

आलेखांबद्दल फार बोलत नाही. उभी रेघ 0 पासून न काढता 98 पासून काढली की टेकाडाचा कडा होतो, एवढं पाहिलं की पुरे.

अल्बेर्तो ब्रांदोलिनी या इटालियन प्रोग्रामरने 2013 साली म्हटलं होतं की थाप खोडून काढायला ती ठोकण्याच्या दसपट श्रम लागतात. दसपटीचा हिशेब त्याने कसा काढला, ते मी विचारणार नाही. एवढ्यात माझ्या पेन्सिलीचं टोक मोडलेलं असतं. तोवर सूत्रसंचालक घड्याळ दाखवतो: 'वेळ संपत आलीय, अर्थव्यवस्था चांगली आहे, हो की नाही, एका शब्दात!' पाठोपाठ पडद्यावर प्रेक्षकांचा कौल झळकतो: हो, 91 टक्के. किती जणांनी कौल दिला ते खाली बारीक अक्षरांत असेल म्हणून मी डोळे ताणून बघतो. तिथे पुढच्या कार्यक्रमाची वेळ दिलेली असते.