तिकीट जोडावे

आमच्या ऑफिसच्या क्लेम फॉर्मवर अगदी तळाला, मुंगीच्या अक्षरात एक ओळ आहे, "प्रवासखर्चासोबत मूळ तिकीट जोडावे." अकरा वर्षं नोकरी झाली पण ती ओळ कधी वाचायची वेळ आली नव्हती, कारण नाशिक नाहीतर फार फार तर मुंबई, आणि तिकीट खिशात असतंच, अगदी धुवून निघालेल्या पँटच्या खिशातसुद्धा असतं. मग २०२४च्या नोव्हेंबरात कंपनीने पाच दिवसांसाठी लंडनला पाठवलं.

जायच्या आधी जो भेटला त्याने एकच सांगितलं, अरे तिकडे तिकीट-बिकीट भानगडच नाही, कार्ड टेकवायचं आत जायचं, उतरलं की परत टेकवायचं, सोप्पंय एकदम. हीथ्रोला उतरलो, ट्यूबच्या, म्हणजे तिकडच्या मेट्रोच्या, गेटपाशी गेलो आणि ऐटीत माझं क्रेडिट कार्ड टेकवलं. लाल दिवा. परत टेकवलं, लाल. उलटं करून टेकवलं, शर्टाला पुसून टेकवलं (हे आपण का करतो देव जाणे), लालच. मागे रांग. तिकडची माणसं चिडली तरी काही बोलत नाहीत, नुसता श्वास सोडतात, तो आपल्या मानेवर येतो.

बाजूला झालो तेव्हा ट्यूब पेटली, म्हणजे डोक्यातली. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने २०२०पासून आपल्याकडे नवं कार्ड येतं तेच परदेशी व्यवहार आणि टॅप दोन्ही बंद असलेलं, आपण आपल्या हाताने चालू करायचं. नियम चांगलाच आहे, घरी सोफ्यावर बसून वाचला तर. चालू करायला बँकेचं ॲप, ॲपला पाहिजे भारतातलं सिम, आणि ते मी घरून निघतानाच हुशारी करून काढून पाकिटात ठेवलेलं. ट्रे उघडायची पिन घरी. शेवटी बायकोने बॅगेच्या तुटक्या चेनला लावून दिलेली सेफ्टी पिन कामाला आली आणि पुढची वीस मिनिटं मी उघड्या बॅगेचं तोंड एका हाताने आवळून धरून बँकेशी झटापट केली. कंपनीचं फॉरेक्स कार्ड (आधीच परदेशी चलन भरून दिलेलं) होतं की, पण ते लिफाफ्यात, लिफाफा मोठ्या बॅगेच्या तळाशी आणि वर मित्राच्या भावासाठी दिलेला चकल्यांचा डबा. हिरवा दिवा लागला तेव्हा मला दहावीच्या निकालाएवढा आनंद झाला. या कार्डाला जागं करायला एवढे कष्ट घेतले हे लक्षात ठेवा, कारण त्याने पुढे पांग फेडले.

हॉटेल ग्रिनिचला आणि क्लायंट कॅनरी वॉर्फला, मधे डीएलआर, म्हणजे तिकडची छोटी लोकल. ही गाडी भारी आहे, ड्रायव्हरच नाही, सगळ्यात पुढे बसून आपणच चालवतोय असं वाटतं, मी रोज तिथेच बसायला धडपडायचो आणि एका पाच वर्षांच्या पोराशी माझी जागेवरून कायम स्पर्धा. तर रात्री ग्रिनिचला उतरलो. गेट नाही. टीसी नाही. आपल्यावर लहानपणापासून संस्कारच असे की अडवायला कोणी नसलं की निघायचं, मागे बघायचं नाही, तसा निघालो. तिथे एका खांबावर पिवळं वर्तुळ होतं त्यावर कार्ड टेकवायचं असतं हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. बाहेर पडताना टेकवलं नाही तर त्यांच्या हिशेबात तुम्ही अजून गाडीतच बसलेले असता आणि मग ते जास्तीत जास्त जेवढं भाडं लागेल तेवढं लावतात. चूक माझीच, मान्य.

पण माणूस धडा शिकतो तो नेमका चुकीच्या ठिकाणी. चकल्या पोचवायला बसने गेलो. खिशात चिल्लर खुळखुळत होती म्हणून ड्रायव्हरसमोर धरली, त्याने काचेमागून नुसती मान हलवली. लंडनच्या बसमध्ये जुलै २०१४पासून रोख घेतच नाहीत. मला एकदम आपला कंडक्टर आठवला, सुट्टे नाहीत म्हणून तिकिटाच्या मागे पाच रुपये लिहून देणारा. बरं, कार्ड टेकवलं, पावणेदोन पौंड, आणि तासाभरात दुसरी बस पकडली तर ती फुकट. हे मात्र मनापासून आवडलं, चकल्या देऊन चहाही न घेता पळत आलो, तासाच्या आत. उतरताना मागच्या दारापाशी मी ते पिवळं वर्तुळ शोधतोय, खांब चाचपतोय, सीटखाली बघतोय. एक आजीबाई म्हणाल्या, काही हरवलंय का? बसमधे उतरताना टेकवायचंच नसतं!

तिसऱ्या दिवसापर्यंत मी सराईत झालो होतो. सराईत म्हणजे काय, तर आता कार्ड बाहेर काढत नव्हतो, तिकडच्या लोकांसारखं अख्खं पाकीट टेकवत होतो. पाकिटात फॉरेक्स कार्ड, त्याला चिकटून माझं क्रेडिट कार्ड, शिवाय पुणे मेट्रोचं. मशीन बिचारं जे आधी सापडेल ते उचलतं. सकाळी आत गेलो फॉरेक्स कार्डावर, बाहेर पडलो क्रेडिट कार्डावर. म्हणजे एक मी आत शिरलो तो बाहेर आलाच नाही, आणि दुसरा मी आत न जाताच बाहेर आलो. दोघांना जास्तीत जास्त भाडं. माझ्या क्रेडिट कार्डावर वर साडेतीन टक्के मार्कअप, म्हणजे परदेशी व्यवहाराची बँकेची फी, आणि त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे नसलेल्या माणसाच्या प्रवासावर मी भारत सरकारला टॅक्सही भरला.

लंडनच्या बस-ट्यूबवाल्यांच्या वेबसाइटवर अकाउंट उघडून तक्रार टाकली, चार-पाच दिवसांत जादाचे पैसे परतही आले, त्याबद्दल काही म्हणणं नाही. खरं प्रकरण पुण्यात सुरू झालं.

अकाउंट्सच्या मॅडम चष्मा वर करून म्हणाल्या, "तिकीट?"

म्हणलं, "मॅडम, तिकडे तिकीट नसतं."

"मग बसू कसं देतात?"

समजावलं की कार्ड टेकवायचं, ते दिवसभराचं सगळं एकत्र करतात, एका दिवसाला ठराविक रकमेपेक्षा जास्त घेत नाहीत आणि रात्री एकच आकडा कापतात. फॉर्ममध्ये रकाने असे, कुठून, कुठे, किती वाजता, तिकीट क्रमांक, रक्कम. त्यात मी लिहिणार काय? मग त्यांना परत आलेले पैसे दिसले. "हे परत आले, तर मग गेले होते कशाला?" या प्रश्नाला उत्तर नाही, मी शोधून बघितलंय. आणि सोबत एक सहकारी आला होता त्याने पाचही दिवस टॅक्सी केली, खर्च माझ्या दहापट, पण प्रत्येक फेरीचं बिल, त्याचा क्लेम चार मिनिटांत पास. तो मला कँटीनमधे चहा पाजायला आला होता.

शेवटी सगळ्या एसएमएसचे स्क्रीनशॉट काढले, वेबसाइटवरच्या हिशेबाचे प्रिंट काढले, दोन्ही जुळवून बावीस पानं पिनअप करून दिली. त्यातच पहिल्या दिवशीचा एक मेसेज होता, ०.१० पौंडांचा. नवं कार्ड पहिल्यांदा टेकवलं की ते खरं आहे ना हे बघायला बँकेला दहा पेन्सची नुसती विचारणा होते, पैसे काही जात नाहीत, मीही तेव्हा कार्ड हॅक झालं म्हणून अर्धी रात्र जागा होतो.

काल फाइल परत आली. सगळं मंजूर, फक्त त्या एका मेसेजभोवती लाल पेनने गोल आणि बाजूला मॅडमच्या सुवाच्य अक्षरात, "हे ०.१० कशाचे? मूळ तिकीट जोडावे."