मी मलाक्का होतो

आज सकाळी नातीच्या शाळेत 'आशिया दिवस' होता. शाळेचे नाव लिहीत नाही, कारण हे त्या एकाच शाळेत घडते असे मुळीच नाही. माझ्या नातीला जपान केले होते. डोक्यावर व्हिएतनामचे शेतकरी घालतात तसली पुठ्ठ्याची निमुळती टोपी, अंगावर आईचा साटीनचा गाऊन, हातात चिनी पंखा, आणि डोळे बारीक दिसावेत म्हणून काजळाने कानापर्यंत ओढलेल्या रेघा. "मी जपान, माझी राजधानी टोकियो," एवढे म्हणून ती वाकली, तेव्हा सभागृह हसले. पहिल्या क्षणी मीही हसलो, हे कबूल करतो. मग मात्र संताप आला. ईशान्येकडची आपलीच मुले गोव्यात शिकायला आणि नोकरीला येतात, त्यांना रस्त्यावर कोणत्या नावाने हाका मारल्या जातात हे आपण सगळेच जाणतो; त्या हाकांची पहिली तालीम कुठे होते, ते आज डोळ्यांनी पाहिले.

मला राहून राहून आमचे मास्तर आठवत होते. फोंडा महालातली मराठी प्राथमिक शाळा, शेणाने सारवलेली जमीन, आशियाचा नकाशा नाही. मास्तरांनी खडूने जमिनीवरच किनारा काढला आणि घरून आणलेली चिनी मातीची बरणी मध्ये ठेवली. तिला मिठातल्या तोरांचा, म्हणजे कोवळ्या कैऱ्यांचा, वास येत होता. "हिला चिनी का म्हणतात?" एवढाच प्रश्न. मग एकाला चीनच्या कँटन बंदरात उभे केले, एकाला गोव्यात, आणि मला वाटेवरच्या मलाक्क्यात, म्हणजे आजच्या मलेशियातल्या बंदरात. बरणी हातोहात माझ्यापर्यंत आली, मी ती पुढे द्यायला निघालो तर मास्तर म्हणाले, "थांब, वारा फिरायचा आहे." शिडाची जहाजे मोसमी वाऱ्यावर चालत आणि वारा फिरेपर्यंत मलाक्क्याच्या बंदरात महिनोन्महिने पडून राहत, हे मी पुस्तकातून शिकलो नाही, ती जड बरणी छातीशी धरून उभे राहिल्यामुळे माझ्या दंडांना ते कळले. पोर्तुगीज सेनानी अल्बुकेर्कने 1510 मध्ये गोवा घेतल्यावर पुढच्याच वर्षी मलाक्का का गाठले, हे नंतर कोणी समजावून सांगावे लागले नाही.

कार्यक्रम संपल्यावर मी फाटकापाशी त्या शिक्षिकेला गाठले आणि नको तितके बोललो. ती शांतपणे म्हणाली, "काका, मला गुरुवारी सांगितले की शनिवारी आशिया करायचा आहे. मतदार याद्यांचे काम आटोपून घरी गेले, रात्री अकरा वाजता मोबाईलवर जे चित्र मिळाले त्यावरून टोप्या कापल्या. मला हे कोणी कधी शिकवले होते?" माझ्याकडे उत्तर नव्हते. आता लिहिताना तिच्यावरचा राग उरलेला नाही. जो आहे तो त्या गुरुवारच्या परिपत्रकावर आहे.

कारण गोव्यातल्या शिक्षकाला आशिया शिकवायला विमानाचे तिकीट लागत नाही. जुने गोवे पुरे आहे. अंजिरो नावाच्या जपानी माणसाचा बाप्तिस्मा 1548 मध्ये तिथेच झाला आणि पुढच्या वर्षी ख्रिस्ती धर्मप्रचारक झेवियर त्यालाच बरोबर घेऊन जपानला पोचला. युरोप पाहून परतणारे चार जपानी तरुण 1587 मध्ये गोव्यात उतरले, त्यांच्यापैकी एकाने इथे लॅटिनमध्ये भाषण केले आणि ते पुढच्या वर्षी गोव्यातच छापले गेले. इराणात शिराझला 1624 मध्ये मारल्या गेलेल्या जॉर्जियाच्या केतेवान राणीचे अवशेष सेंट ऑगस्टीनच्या पडक्या चर्चमध्ये सापडले आणि 2021 मध्ये तिच्या देशाला परत देण्यात आले. चीनच्या किनाऱ्यावरच्या पोर्तुगीज मकावचा कारभार 1844 पर्यंत गोव्याच्या अखत्यारीत होता. आणि हे सगळे चर्चचेच झाले असे ज्यांना वाटेल, त्यांच्यासाठी आपल्या साखवळचे धर्मानंद कोसंबी आहेत, जे बुद्धाच्या शोधात घर सोडून निघाले, सिंहलद्वीपात प्रव्रज्या घेऊन पाली शिकले, ब्रह्मदेशात राहिले आणि हे सारे मराठीत लिहून गेले. झेवियरबरोबर धर्मांतरे आणि इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मन्यायालय, हेही येते, हे मला ठाऊक आहे; तेही त्याच वर्गात सांगावे.

अभ्यासक्रम आधीच फुगलेला आहे, हे खरे. दिल्लीचे सांस्कृतिक स्रोत व प्रशिक्षण केंद्र 1979 पासून शिक्षकांची शिबिरे घेते, शाळांना साहित्याचे संचही देते, हेही मान्य; पण तिथला भर भारतीय कलांवर असतो, आणि तिथे जाण्यासाठी वर्ग कोणावर सोडायचा हा प्रश्न उरतोच. मदत म्हणजे आणखी एक परिपत्रक आणि चाळीस स्लाइड्स असे ज्यांना वाटते, त्यांनी आयुष्यात एकदा तिसरीचा वर्ग सांभाळून पाहावा. त्या शिक्षिकेला कामाच्या दिवशी, पूर्ण पगारावर, वर्गावर बदली शिक्षक देऊन, जाणत्या माणसाबरोबर एक दिवस जुन्या गोव्यात फिरवा. मराठीत आणि कोकणीत चार पानांचे टिपण द्या. हाताळता येतील अशा वस्तूंची एक पेटी शाळाशाळांतून फिरवा. आमच्या मास्तरांना यातले काहीच मिळाले नव्हते, असे कोणी म्हणेल. खरे आहे. पण मास्तर संध्याकाळी चारला मोकळे होत आणि त्यांच्या हातात मतदार याद्या नसत.

दुपारी त्या शिक्षिकेला फोन करून क्षमा मागितली. ती हसली आणि म्हणाली, "मग बुधवारी या, तिसरा तास रिकामा ठेवते." नातीने आधीच जाहीर केले आहे की मलाक्का तीच होणार. आईची जुनी बरणी माळ्यावरून खाली काढली आहे, पण आत गेल्या वर्षीची तोरां तशीच आहेत. बुधवारच्या आत कोणी घेऊन गेल्यास उपकार होतील.