एकच पासवर्ड आणि पूर्ण सेन्सिटिव्हिटी: सीसीटीव्हीविषयीच्या एका व्हायरल सल्ल्याचा प्रतिवाद

सीसीटीव्ही बसवणाऱ्यांसाठीचा एक संदेश सध्या सर्रास पुढे पाठवला जातो. त्यात चार गोष्टी सांगितल्या आहेत. चित्रण साठवणाऱ्या रेकॉर्डरचा, सगळे अधिकार देणारा अ‍ॅडमिन पासवर्ड सगळ्यांना एकच द्यावा, म्हणजे अडीअडचणीला कोणीही चित्रण पाहू शकेल; छोट्या यंत्रणेच्या वाटेला हॅकर जात नाहीत, तेव्हा पासवर्डची फार काळजी करू नये; मोशन डिटेक्शनची (हालचाल ओळखण्याच्या सोयीची) सेन्सिटिव्हिटी (संवेदनशीलता) शंभर टक्के ठेवावी, म्हणजे काहीच सुटणार नाही; आणि रेकॉर्डिंग फक्त हालचालीपुरते ठेवावे, म्हणजे हार्ड डिस्क कित्येक महिने पुरेल. यांतला चौथा मुद्दा अर्धा खरा आहे. पहिले तीन तेवढेही खरे नाहीत.

चित्रण अनेकांना पाहता यावे ही गरज रास्तच आहे, पण त्यासाठी अ‍ॅडमिनचे खाते वाटत सुटण्याचे कारण नाही. थेट चित्र पाहणे, जुने चित्रण पाहणे, ते पेनड्राइव्हवर उतरवून घेणे, फिरता कॅमेरा वळवणे आणि सेटिंग बदलणे या परवानग्या बहुतेक रेकॉर्डरमध्ये वेगवेगळ्या देता येतात. अनेक ठिकाणी तर कोणाला कोणता कॅमेरा दिसावा हेही ठरवता येते. पहारेकऱ्याला थेट चित्र पुरते आणि व्यवस्थापकाला जुने चित्रणही लागते, पण डिस्क फॉरमॅट करण्याचा अधिकार या दोघांपैकी कोणालाच लागत नाही. एकच पासवर्ड वापरण्याची खरी किंमत पुढे मोजावी लागते. एखादी क्लिप बाहेर गेली की रेकॉर्डरच्या लॉगमध्ये (कोणी कधी काय केले याच्या नोंदवहीत) ती ‘अ‍ॅडमिन’ने उतरवल्याची नोंद सापडते, आणि अ‍ॅडमिन तर सगळेच असतात. शिवाय काम सोडून गेलेल्या एका माणसासाठी पासवर्ड बदलायचा तर तो सगळ्यांना नव्याने कळवावा लागतो, म्हणून तो सहसा बदललाच जात नाही.

छोट्या यंत्रणेकडे कोण लक्ष देणार, या प्रश्नाचे उत्तर २०१६ मध्येच मिळाले आहे. ‘मिराय’ हा मालवेअर (घातक सॉफ्टवेअर) माणसे निवडून हल्ला करत नव्हता. इंटरनेटवर उघडी असलेली उपकरणे शोधायची आणि कारखान्यातून येणाऱ्या साठेक युजरनेम-पासवर्डच्या जोड्या त्यांच्यावर लावून पाहायच्या, एवढेच त्याचे तंत्र होते. त्याच्या जाळ्यात सापडलेल्या उपकरणांत डीव्हीआर (चित्रण साठवणारे रेकॉर्डर) आणि आयपी (नेटवर्कला जोडलेल्या) कॅमेऱ्यांचा भरणा मोठा होता. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी ‘डाइन’ (Dyn) या डीएनएस (वेबसाइटच्या नावावरून तिचा इंटरनेटवरील पत्ता शोधून देणारी सेवा) कंपनीवर अशाच उपकरणांतून हल्ला झाला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा अनेकांसाठी काही तास बंद पडल्या. त्या कॅमेऱ्यांच्या मालकांना आपण या हल्ल्यात सामील आहोत याचा पत्ताही नसणार. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून सहज ओळखता येणारे डीफॉल्ट पासवर्ड असलेली अशी ग्राहकोपयोगी उपकरणे विकण्यास कायद्यानेच मनाई आहे. राउटरमधले यूपीएनपी (उपकरणांना इंटरनेटकडची वाट आपोआप उघडू देणारी सोय) बंद ठेवणे आणि रेकॉर्डरचे पोर्ट (नेटवर्कवरचे प्रवेशद्वार) थेट इंटरनेटवर न उघडणे, ही किमान दक्षता झाली.

सर्वांत घातक सल्ला मात्र तिसरा आहे, कारण तो सावधगिरीचा वाटतो. साध्या मोशन डिटेक्शनला माणूस कळत नाही. ते चित्राचे चौकटींत भाग पाडते, प्रत्येक चौकटीतील पिक्सेलची आधीच्या फ्रेमशी तुलना करते आणि फरक ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की हालचाल झाली असे मानते. किती लहान फरक धरायचा हे सेन्सिटिव्हिटी ठरवते. किती चौकटींत तो दिसायला हवा हे थ्रेशोल्ड ठरवतो. संदेशात या दुसऱ्या आकड्याचा उल्लेखच नाही. रात्री उजेड कमी झाला की कॅमेरा गेन (सिग्नल वाढवण्याचे प्रमाण) वाढवतो आणि चित्रात बारीक दाणे वळवळू लागतात. सेन्सिटिव्हिटी शंभरवर असेल तर ही वळवळसुद्धा हालचाल ठरते. कॅमेऱ्याच्या, अंधारात पाहण्यासाठीच्या इन्फ्रारेड दिव्यांभोवती घिरट्या घालणारा किडा लेन्सजवळून गेला की पडद्यावर पांढरा झोत उमटतो. पाऊस, गाडीच्या दिव्यांचा भिंतीवरून सरकणारा उजेड आणि संध्याकाळी रंगीत चित्र कृष्णधवल होण्याचा क्षण यांचीही भर पडते. मोबाईलवर रात्रभर सूचना वाजत राहतात, दोन-चार दिवसांत वैतागून त्या बंद केल्या जातात, आणि ज्या एका सूचनेसाठी हा सगळा खटाटोप केला तीच कोणी पाहत नाही.

त्यापेक्षा झाडाची फांदी आणि रस्ता वगळून दरवाजा व वाट एवढ्याच चौकटी निवडाव्यात, सेन्सिटिव्हिटी मध्यावर ठेवावी आणि अंधार पडल्यावर स्वतः त्या वाटेने चालून पाहावे. आडवे चालणारा माणूस लवकर पकडला जातो. दुरून सरळ कॅमेऱ्याच्या दिशेने येणाऱ्यामुळे सुरुवातीला फार थोड्या चौकटी बदलतात, म्हणून ही चाचणी दोन्ही दिशांनी घ्यावी. माणूस आणि वाहन ओळखणारी सोय कॅमेऱ्यात असेल तर ती जरूर वापरावी.

आता हार्ड डिस्कचा हिशोब पाहू. चार मेगाबिट प्रतिसेकंद वेगाने एक कॅमेरा दिवसाला सुमारे ४३ जीबी जागा घेतो, म्हणजे चार कॅमेऱ्यांना दोन टीबीची डिस्क साडेअकरा दिवस पुरेल. फक्त हालचालीचे रेकॉर्डिंग ठेवले तर हा काळ वाढतो, हे खरे. पण सेन्सिटिव्हिटी शंभर ठेवल्यावर किडे आणि दाणे मिळून रात्रभर रेकॉर्डिंग चालू ठेवतात, तेव्हा संदेशातला तिसरा सल्लाच चौथ्यावर पाणी फिरवतो. दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. दोन ते चारच्या दरम्यान चित्रणच नसेल, तर तेव्हा हालचाल झाली नाही, कॅमेरा बंद होता की कोणी तो बंद केला, हे त्या रिकाम्या जागेवरून सांगता येत नाही. म्हणून सतत कमी दर्जाचे रेकॉर्डिंग आणि हालचाल दिसताच पूर्ण दर्जाचे, अशी जोडी शक्य तिथे ठेवावी. ते जमत नसेल तर हालचालीच्या आधीचे काही सेकंद साठवणारे प्री-रेकॉर्ड तरी चालू असावे.

इथेच पहिला आणि चौथा मुद्दा एकमेकांना येऊन मिळतात. ज्याच्या हाती अ‍ॅडमिनचा पासवर्ड आहे त्याला कॅमेरा तोडावा लागत नाही. मोशन डिटेक्शनच्या चौकटींच्या जाळीतून दरवाज्यावरच्या चार चौकटी पुसल्या की पुरते. चित्र दिसत राहते, रेकॉर्डिंग चालू असल्याचे चिन्हही दिसत राहते, फक्त त्या दरवाज्यातली हालचाल रेकॉर्डरला कळत नाही. हा बदल कोणी आणि कधी केला हे लॉगमधूनच उलगडू शकते. मात्र त्यासाठी प्रत्येकाचे खाते स्वतंत्र हवे, घड्याळ एनटीपीने (नेटवर्कवरून अचूक वेळ घेणाऱ्या सोयीने) जुळलेले हवे आणि लॉगची प्रत अधूनमधून रेकॉर्डरबाहेर काढून ठेवलेली हवी, कारण जागा भरली की जुन्या नोंदींवर नव्या चढतात.