किती वॅटचा पाहिजे?

अँप्लिफायर म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर मांडव येतो. काळं, अवजड धूड, उचलायला दोघं, मागे पंखा घरघरतोय आणि समोर कुणीतरी ‘हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग’ म्हणतंय. हीच वस्तू काडेपेटीएवढी मिळते आणि ती एकाच माणसाच्या दोन कानांसाठी असते, हे कळायला मला पन्नाशी उलटावी लागली.

निमित्त भाच्याचं. तो नोकरीसाठी जर्मनीला निघाला आणि जाताना आपला सेनहायझरचा एचडी 600 माझ्या हातात ठेवून म्हणाला, “मामा, कंपनी तिकडचीच आहे, मी तिकडे नवा घेईन. हा तू वापर.” हेडफोन सुरेख. 1997 पासून बाजारात असलेलं मॉडेल, लोक अजून शोधून शोधून घेतात. टोकाला बोटाएवढा जाड जॅक. हा पाव इंची जॅक मुळात एकोणिसाव्या शतकातल्या टेलिफोन एक्स्चेंजच्या ऑपरेटरांसाठी निघाला, आणि माझ्या घरात तो खुपसायला जागा नव्हती. बारीक जॅकचा अ‍ॅडाप्टर लावावा, तर फोनला तेही भोक नाही. 2016 मध्ये अ‍ॅपलने आयफोन 7 मधून ते काढलं तेव्हा बाकीच्यांनी त्यांची यथेच्छ टिंगल केली आणि मग गुपचूप आपापली भोकंही बुजवली.

“डॅक-अँप घे,” भाचा व्हिडिओ कॉलवर म्हणाला. फोनमध्ये गाणं नसतंच म्हणे, नुसते आकडे असतात. सीडीच्या दर्जाचं असेल तर सेकंदाला 44,100, तेही डाव्या आणि उजव्या कानाचे वेगळे. त्या आकड्यांची पुन्हा लहरती वीज करायची ते डॅकचं काम आणि ती वीज हेडफोनची कॉइल नीट हलवेल एवढी तगडी करायची ते अँपचं. “तुझा हेडफोन 300 ओहमचा आहे, म्हणजे विजेला एवढा अडथळा. साधे इअरफोन 16 नाहीतर 32 ओहमचे असतात. याला व्होल्टेज लागतं.”

मी वही काढली. फोनकंपन्या नऊशे-हजार रुपयांना डोंगल नावाची जी शेपटी विकतात (आत इवलासा डॅक-अँप असतो), त्यातल्या बऱ्यापैकीतून एक व्होल्ट मिळतो. 300 ओहमवर त्याचे होतात 3.3 मिलिवॅट. दोन व्होल्ट मिळाले तर 13. ओहमचा नियम दहावीनंतर प्रथमच उपयोगी पडला, म्हणून त्या आनंदात मी तपकीर गल्लीत गेलो. पुण्यात वायरीचा धंदा करणारा कुणीही तुम्हाला अखेर बुधवार पेठेतल्या त्या बोळातच पाठवतो.

“अँप्लिफायर पाहिजे,” मी म्हणालो.

“गणपतीसाठी की घरी?” काउंटरवरच्या गृहस्थांनी मान वर न करता विचारलं.

“घरी. एकट्यासाठी.”

“किती वॅटचा पाहिजे?”

“तेरा मिलिवॅट.”

आता मान वर झाली. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. “मिली?”

“हो. मिली.”

त्यांनी भिंतीवरच्या स्विचबोर्डाकडे बोट केलं. “साहेब, तेवढ्यात तो लाल दिवासुद्धा लागत नाही.” हिशेब बरोबर होता. मग त्यांनी आतल्या पोऱ्याला हाक मारून “यांना काय पाहिजे ते ऐक जरा” असं सांगितलं, पण ते मदतीसाठी नव्हे, त्यालाही मजा यावी म्हणून.

तेव्हा उरली ऑनलाइन खरेदी, आणि तिथे खरे हाल सुरू झाले. डॅक-अँप निवडणं म्हणजे स्थळ बघणं. आधी पत्रिका जुळायला हवी: अँपचा आउटपुट इम्पिडन्स (त्याचा स्वतःचा ओहममधला अडथळा) हेडफोनच्या इम्पिडन्सच्या आठव्या भागाहून कमी पाहिजे, नाहीतर आवाजाचा तोल बिघडतो. माझ्या 300 ओहमशी कुणाचंही जुळत होतं, म्हणजे या मुद्द्यावर नाकारायला कुणी सापडेना. मग फोटो. मग पगार, जो नेहमी फुगवून सांगितलेला असतो. खोक्यावर भल्यामोठ्या अक्षरात ‘125 मिलिवॅट’ आणि शेजारी मुंगीएवढ्या अक्षरात ‘32 ओहमला’. त्याच दोन व्होल्टचे माझ्याकडे पुन्हा तेरा. शिवाय ताकद दुप्पट केली तरी आवाज वाढतो जेमतेम तीन डेसिबल. कानाला दुप्पट वाटायला ताकद दहापट लागते. हे मात्र कुठल्याही खोक्यावर मुंगीएवढ्या अक्षरातही छापलेलं नसतं.

नंतर कुळ. आत डॅकची चिप एकेएम कंपनीची की ईएसएस कंपनीची? ऑक्टोबर 2020 मध्ये जपानमध्ये नोबेओका इथल्या एकेएमच्या कारखान्याला आग लागली, चिपांचा दुष्काळ पडला आणि बऱ्याच कंपन्यांनी ईएसएसचा रस्ता धरला. तेव्हापासून आगीच्या आधीचे डबे जपून ठेवणारी मंडळी आहेत. त्यांना नव्या डब्यात पूर्वीचा ‘मखमली’ आवाज लागत नाही. त्याशिवाय रेझिस्टरांच्या शिडीवाल्या आर-टू-आर डॅकचे उपासक वेगळेच. ते दोन्ही पक्षांकडे दयेने बघतात.

मला स्वतःला मोह पडला तो सिनॅडचा. डबा स्वतःचा जो कचरा टाकतो त्याच्या मूळ सूर किती वर राहतो ते सांगणारा हा डेसिबलमधला आकडा, जास्त तितका चांगला. कुणाचा 110, कुणाचा 120. एकशेवीसवाल्यासाठी मी पाकीट काढलंही होतं. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली आणि हेडफोन डोक्यावर असूनही ती मला लखलखीत ऐकू आली. एचडी 600 ओपन-बॅक आहे, पाठीमागून जाळीदार. बाहेरचं सगळं आत येतं आणि आतलं सगळं बाहेर जातं. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, “अहो, तेच गाणं चौथ्यांदा लावताय.” शांत म्हणावं अशा घरातही रात्री तीसेक डेसिबलचा आवाज असतोच. आमच्याकडे त्यावर पंखा, पाण्याची मोटर आणि शेजारचा टाइल कापणारा. एकशेविसाव्या डेसिबलचा कचरा शोधायला मला आधी ही सोसायटी रिकामी करावी लागली असती.

आणि मी ऐकतो काय? अब्दुल करीम खाँसाहेब. ते 1937 साली गेले, मिरजेला त्यांची कबर आहे. मागे उरल्या त्या 78च्या तबकड्या, एका बाजूला तीनेक मिनिटांचं गाणं. कुणा भल्या माणसाने त्या 24 बिट, 192 किलोहर्ट्झमध्ये, सेकंदाला 1 लाख 92 हजार आकड्यांत, करून ठेवल्यात. म्हणजे त्याच्या निम्म्या, 96 हजार हर्ट्झपर्यंतची खरखर बिनचूक टिपलेली. फोनवर शिटीची चाचणी लावून पाहिली, तर माझे कान बारा हजारांच्या पुढे गप्प. ज्या डब्याला पाच डिजिटल फिल्टर होते आणि ज्यांचा सगळा फरक वीस हजारांच्या आसपास पडत होता, तो मी तिथेच कार्टमधून काढला. बटण मिळालं की मी ते दाबत बसणार, हा स्वभाव मला ठाऊक आहे.

शेवटची परीक्षा घरी झाली. कॉलनीतले एक स्नेही आपला अठरा हजारांचा डबा घेऊन आले. माझ्याकडे भाच्याने धाडलेला साधा डोंगल होता. अशा तुलनेत दोन्हींचा आवाज काट्यावर सारखा करावा लागतो, कारण जो किंचित मोठा लागतो तोच सगळ्यांना ‘खुला’ वाटतो. मीटर लावून तो सारखा केला. स्नेही भिंतीकडे तोंड करून बसले, अदलाबदल बायकोकडे. ते डोळे मिटून सांगू लागले: “हं, आता बघा, तंबोरा मागे गेला. आता गळ्याभोवती हवा आली. हा माझा.” बराच वेळ हे चाललं. शेवटी बायको म्हणाली, “भाऊजी, मी अजून बदललंच नाही. डोंगलच चालू आहे. मी दूध बघायला गेले होते.”

स्नेही क्षणभरही डगमगले नाहीत. “म्हणजे बघा,” ते म्हणाले, “माझ्या डब्याच्या शेजारी ठेवल्यावर डोंगलसुद्धा सुधारला.”

अखेर मी घेतला तो दोन व्होल्ट देणारा, बोटभर लांबीचा, आवाजाची दोन बटणं असलेला डोंगल, साडेचार हजारांना. बॅलन्स्डचं, म्हणजे दोन्ही कानांच्या तारा पूर्ण वेगळ्या ठेवणाऱ्या जोडणीचं, 4.4 मिलिमीटरचं भोकही त्याला आहे. त्यासाठी हेडफोनची केबल वेगळी घ्यावी लागते, म्हणून त्या भोकावर मी चिकटपट्टी लावून टाकली.

पहिल्या दिवशी आईने हेडफोन मागून घेतला. खाँसाहेब पूर्ण ऐकले, मान डोलावली, काढून माझ्या हातात दिला.

“आवाज चांगला आहे रे. याच्यात रेडिओ लागतो का?”

“नाही.”

“तुझ्या जुन्या फोनला लागायचा. वायर खोचली की आकाशवाणी.”

“याच्यात नाही लागत.”

“मग साडेचार हजार कसले घेतले?”

मी हा प्रश्न भाच्याला पाठवला. त्याच्याकडे यावर एकही ग्राफ नव्हता.