पॉवर पिन लपवल्या की स्केमॅटिक स्वच्छ होतं? नाही हो

एक सल्ला सगळीकडे फिरतोय, की ७४एचसी०० किंवा एलएम३२४ सारख्या एकाच पॅकेजमध्ये चार भाग असलेल्या आयसीच्या पॉवर पिन सिम्बॉलमध्ये लपवून टाका, सॉफ्टवेअर त्या आपोआप जोडतं, स्केमॅटिक (सर्किटची आकृती) स्वच्छ दिसतं आणि काही चुकलंच तर ईआरसी (आकृतीतल्या जोडण्यांच्या चुका शोधणारी सॉफ्टवेअरची तपासणी) सांगेल. नवीन शिकणारी पोरं यावर विश्वास ठेवून बोर्ड बनवायला टाकतात, म्हणून लिहितोय.

"आपोआप जोडतं" हे अर्धंच खरं. कीकॅड या सर्किट डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये लपवलेली पॉवर इनपुट पिन फक्त स्वतःच्या नावाच्या नेटला (एकमेकींना जोडलेल्या पिनांच्या जोडणीला) जाते. ७४एचसी००च्या १४ नंबर पिनचं नाव व्हीसीसी आणि तुमच्या सप्लायचं नाव +५व्ही असेल तर दोघांचा काही संबंधच नाही. आणि बोर्डवर ५ आणि ३.३ दोन्ही सप्लाय असतील, व्हीसीसी म्हणजे ५ असेल, तर ३.३वर चालवायची आयसी गुपचूप ५वर जाते, ती चालेलही कारण ७४एचसी २ ते ६ व्होल्टवर चालते, पण तिचं ५ व्होल्टचं आउटपुट ३.३च्या मायक्रोकंट्रोलरमध्ये शिरतं त्याचं काय?

ईआरसीला व्होल्टेज कळत नाही, त्यामुळे वरची चूक त्याला दिसणारच नाही. नाव जुळलं नाही तर तो पॉवर पिनला सप्लाय नाही म्हणून ओरडतो, हे खरं, पण मग लोक काय करतात, व्हीसीसीवर पॉवर फ्लॅग चिकटवतात आणि एरर गायब! फ्लॅगने सप्लाय येत नाही, "इथे पॉवर येते असं धरून चाल" एवढंच तो सांगतो. दोन-तीन आयसी असतील तर त्यांच्या व्हीसीसी पिन एकमेकींना जोडल्या जातात, राउटिंग पूर्ण दिसतं, डीआरसी (बोर्डच्या आराखड्याची तपासणी) पास होतो, आणि बोर्डवर त्या पिनांना सप्लायच नसतो.

राहिला स्वच्छपणा. त्यासाठी पॉवर पिनांचं वेगळं युनिट (सिम्बॉलचा सुटा भाग) असतंच की. एलएम३२४मध्ये ए ते डी चार ऑपअँप, ई युनिटमध्ये ४ आणि ११ नंबरच्या पिन. ते कोपऱ्यात ठेवा, शेजारी १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर काढा. ११ नंबर कधी ग्राउंडला जाते कधी मायनस १२ला, हे वाचणाऱ्याला दिसायलाच हवं. प्रत्येक युनिटवर पॉवर पिन दाखवणं चालतं पण पसारा होतो.

ई युनिट ठेवायचं राहिलं तर नवीन कीकॅडचा ईआरसी तसं सांगतो. जुनी लायब्ररी वापरत असाल तर आधी लपलेल्या पिन दाखवायचा पर्याय चालू करून एकदा सगळं शीट बघा.