शाकाहारी म्हणजे व्हीगन नव्हे

'सोलापुरी शाकाहारी ताट मुळातच व्हीगन' हे एका लेखातलं वाक्य अर्धंच खरं. व्हीगन म्हणजे दूध, दही, तूपही वर्ज्य. भाकरी, शेंगा चटणी, भरलं वांगं ठीक. पण खानावळीत चपातीवर तूप फिरतं नि चटणीसोबत न विचारता दही येतं. ऑर्डर देतानाच 'तूप, दही, ताक नको' म्हणा. नुसतं 'व्हीगन' म्हणाल तर पनीर यायचं!

दह्याला एक पर्याय शेंगदाण्याच्या दह्याचा. 1 वाटी दाणे 8 तास भिजवून सालं काढा (राहिली तर कडवट लागतं), 3 वाट्या पाण्यात वाटून गाळा, सतत ढवळत उकळा. उकळी कमी पडली की कच्चा वास राहतो. कोमट झाल्यावर विरजण म्हणून हिरव्या मिरचीचे 5-6 देठ टाकून रात्रभर झाका. पहिलं दही पातळच लागतं. त्यातलाच चमचाभर पुढच्या वेळी विरजणाला घ्या.